बकाण

फाटकाशीच वनरक्षक बिराजदार म्हणाले,
"साडेआठच्या आत फिरून घ्या.
नंतर पाट्या तापतात."

विजापूर रोडवरून एक ट्रक गेला, मागोमाग दुसरा,
मग नुसती धूळ खाली बसत राहिली.
मी नान्नांचा हात दोरावर ठेवला
आणि माझा काढून घेतला.
इथला तसा नियम आहे.
तीन वर्षांत पहिल्यांदाच तो हात रिकामा,
त्याचं काय करावं कळेना.
उगाच ओढणी सारखी केली.

नान्ना जागचे हलले नाहीत.
दोर अंगठ्याखाली फिरवला,
नखानं एक पदर उचकटला.
"नायलॉन. तीन पदरी.
पीळ ढिला दिलाय, घाईत वळलाय कुणीतरी."
एकेचाळीस वर्षं मागापुढे उभा राहिलेला माणूस,
त्याला झाडाआधी दोर भेटला.

दर झाडाशी दोराला गाठ.
गाठ लागली की थांबायचं, उजवीकडे हात न्यायचा,
तिथं लोखंडी पाटी आणि पाटीवर ठिपके.
"हे काय, मोहरी सांडलीय?"
साठीनंतर गेलेल्या डोळ्यांना
ठिपक्यांच्या शाळेत कोण घालणार?
खालची छापील अक्षरं मीच वाचणार होते.
तोंड उघडलं, तर म्हणाले, "थांब."

मग खैराची साल. मग बोरीचा काटा,
त्याला त्यांनी तेलुगूत एक शिवी दिली, प्रेमानं.
मग वारा आला आणि शिरीषाच्या वाळक्या शेंगा
सगळ्या एकदम वाजल्या.
नान्नांनी मान वर केली.
किती वेळ.
"बंद पडायच्या आधी," एवढंच म्हणाले,
"आमच्या शेडमध्ये असाच आवाज होता."

पाचवी गाठ.
पान चुरडलं, हुंगलं, जिभेला लावलं.
"पाटी काय म्हणते?"
"कडुनिंब."
"पाटीला सांग, हे बकाण आहे.
देठाला फाटे फुटलेत बघ.
कडुनिंबाची दांडी एकच, सरळ."
बिराजदारांनी टोपी काढली, परत घातली.
"रोप नर्सरीतून आलं साहेब,
पाटी ऑफिसातून."

साहेब म्हटल्यावर नान्ना हसले.
जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

परतताना पावणेनऊ झाले होते.
अंधशाळेच्या मुलींची बस पंक्चर होऊन
आत्ता कुठे पोचलेली.
पुढची मुलगी, भुवनेश्वरी, तिला सगळे भुवी म्हणत होते,
पहिल्याच पाटीवर बोट टेकवून
चटकन मागे.
पुन्हा टेकवलं.
'बा' वाचलं, बोटावर फुंकर.
'भ' वाचलं, फुंकर.
'ळ'.
मागून मुली ओरडल्या, "बाभूळ! कळलं! चल पुढं!"
तिला उकार राहिल्याचं वाईट वाटलं असावं,
तिनं तो शोधून काढलाच, चटका खाऊन.

नान्ना दोर धरून उभेच.
त्यांना फुंकर ऐकू आली होती.

रिक्षात काही बोलले नाहीत.
अशोक चौक आला, शेंगा भाजल्याचा वास आला, गेला.
रात्री जेवण अर्धं टाकून
ट्रंकेत कोपरापर्यंत हात घातला,
जुनी चादर बाहेर ओढली,
त्यांनीच काढलेली, कडेला थोडी विरलेली.
"आपल्या चादरीला उलटी बाजू नसते," म्हणाले.
"त्या पोरींनी कशीही टाकली तरी चालेल.
वाचून झालं की परत झाकायची, बस्स.
पाट्या किती?"
"बावीस."
"आणि एक केवढी?"
"वीतभर."
"कुणाच्या विती?"

मला काय माहीत.
मी रिकामा हात पुढे केला, बोटं ताणून.
अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत
त्यांनी दोरा लावला,
दातांनी तोडला
आणि गाठ मारली.